कागद कुणी सांभाळायचे? विद्यापीठांतल्या अभिलेखागारांचा आढावा

आनंदीबाई जोशी यांनी २८ जून १८८३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पाठवलेलं पत्र आज फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. आपलं शिक्षण कॉलेजच्या नियमांत कितपत बसेल, ही शंका अठरा वर्षांच्या आनंदीबाई त्या पत्रात स्वतःच मांडतात. स्वकीयांच्या आणि जातीच्या एकवटलेल्या विरोधातून ज्या निर्धाराने इथवर आणलं, तोच निर्धार पुढेही नेईल, असंही सांगतात. ज्या कॉलेजला हे पत्र गेलं ते आज त्या रूपात उरलेलं नाही. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९७० मध्ये पुरुषांना प्रवेश दिला आणि नाव बदललं. १९९०च्या दशकात ती दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झाली. दोन्हींचा कारभार पाहणारी संस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००२ मध्ये सगळा संसार ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आला. नावं बदलली, चालक बदलले, दप्तर टिकलं.

याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर त्यांचे कागद दिल्लीतल्या २६, अलिपूर रोड या घरात होते. १९६७ मध्ये तिथलं सामान बाहेर काढलं गेलं, कागद उघड्यावर पडले आणि त्यांवर पाऊस पडला, असं त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवलं आहे. जे वाचलं त्यातला मोठा भाग पुढे कोर्टाच्या ताब्यात राहिला. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये समिती नेमली, वसंत मून यांनी जिवापाड मेहनत घेतली, तेव्हा १९७९ मध्ये लेखन आणि भाषणांचा पहिला खंड निघाला. राज्यघटनेच्या शिल्पकाराचे कागद पावसात भिजले आणि एका विद्यार्थिनीचा प्रवेशअर्ज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शाबूत राहिला. कागद टिकणं हे माणसाच्या मोठेपणावर अवलंबून नसतं. कागद ठेवून घेणं हे आपलं रोजचं काम आहे असं मानणारी संस्था जवळ आहे की नाही, यावर ते ठरतं. विद्यापीठाने अशी संस्था व्हावं का, जगातली विद्यापीठं तशी कशी झाली आहेत आणि आपल्याकडे काय स्थिती आहे, याचा हा आढावा आहे.

ग्रंथालय वेगळं, अभिलेखागार वेगळं

ग्रंथालयातलं पुस्तक एकटं उभं राहू शकतं. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असते. अभिलेखागारातला कागद एकमेव असतो आणि त्याचा अर्थ शेजारच्या कागदांवर अवलंबून असतो. संस्थेच्या इतिवृत्तातला एक ठराव वाचून फारसं कळत नाही. त्याच्या आधीचा तक्रारअर्ज, मागचा पत्रव्यवहार आणि पुढच्या वर्षाचा जमाखर्च एकत्र पाहिला की तो ठराव का झाला आणि अमलात आला का, हे उमगतं. म्हणून या शास्त्राचे दोन मूळ नियम आहेत. एका व्यक्तीचे किंवा संस्थेचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. आणि मालकाने ते ज्या क्रमाने ठेवले होते, तो क्रम शक्यतो मोडायचा नाही.

संग्रह येतो तेव्हा देणाऱ्याशी दानपत्र होतं. मालकी कुणाची, छापण्याचा हक्क कुणाचा, कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा, हे त्यात लिहिलं जातं. मग वाळवी आणि कसर यांची तपासणी होते, गंजलेल्या टाचण्या काढल्या जातात, कागद आम्लरहित फोल्डरांत आणि पेट्यांत जातात. त्यानंतर सर्वांत कष्टाचं काम सुरू होतं, ते सूची करण्याचं. हे कागद कुणाचे, कोणत्या काळातले, कोणत्या पेटीत काय, हे सांगणारी सूची नसेल तर संग्रह असून नसल्यासारखा. वाचकाला तो मागताच येत नाही.

विद्यापीठात अशा कागदांचे तीन प्रवाह एकत्र येतात. पहिला विद्यापीठाच्या स्वतःच्या कारभाराचा: प्रवेशनोंदी, परीक्षा मंडळांची इतिवृत्तं, प्रबंध. दुसरा व्यक्तींच्या खासगी कागदपत्रांचा. तिसरा बाहेरच्या संस्थांच्या दप्तरांचा: मंडळं, संघटना, मिशन, कंपन्या. मराठी समाजाचा इतिहास या तिन्ही प्रवाहांत विखुरलेला आहे आणि त्यातला बराचसा महाराष्ट्राबाहेर आहे.

संस्थांच्या नोंदी काय सांगतात

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने विद्यार्थी म्हणून आंबेडकरांची फाइल जपली आहे. १९१६ मध्ये ते तिथे दाखल झाले, शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. त्या वर्षी अर्थशास्त्राचे प्राध्यापक फॉक्सवेल यांनी संस्थेच्या चिटणीस मेअर यांना लिहिलं की हा विद्यार्थी आधीच डॉक्टरेट मिळवून आला आहे, त्याला जिंकायला इथे आता नवी जगं उरलेली नाहीत. हे वाक्य कुठल्या गौरवग्रंथासाठी लिहिलेलं नाही. कार्यालयीन कामकाजात एका प्राध्यापकाने चिटणिसाला लिहिलेलं ते साधं पत्र आहे, आणि म्हणूनच त्याची साक्ष वजनदार आहे.

ड्रेक्सेलच्या संग्रहातही असंच आहे. आनंदीबाईंच्या पत्राशेजारी आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेलं एक छायाचित्र आहे, त्यात आनंदीबाईंच्या सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपापल्या देशांच्या पोशाखात आहेत. ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेणाऱ्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारलेल्या आनंदीबाई मराठीत चरित्र, कादंबरी, नाटक, चित्रपट या सगळ्यांतून आल्या. त्या बहुतेकदा गोपाळराव आणि आनंदीबाई या पतिपत्नीच्या जोडीच्या गोष्टीत दिसतात. कॉलेजचं दप्तर त्यांना निरनिराळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थिनींच्या पिढीत बसवतं, आणि त्यांच्या जगण्याचा वेगळाच संदर्भ समोर येतो.

यापेक्षा मोठं दप्तर मिशनचं आहे. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, त्याचं मोठं केंद्र झालं. सिंथिया फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा आणि १८४२ मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ ही याच मिशनची कामं. रेव्हरंड ना. वा. टिळकही याच मिशनमध्ये होते. या मिशनच्या लोकांनी बोस्टनमधल्या बोर्डाच्या कार्यालयाला पाठवलेली पत्रं आणि अहवाल आता हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. नाशिकजवळ शरणपूर वसवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचं दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गावांचं, शाळांचं, छपाईचं, दुष्काळांचं वर्णन या कागदांत आहे.

अर्थात, हे वर्णन वर्गणीदारांना कामाचा हिशेब देणाऱ्यांच्या नजरेतून आलेलं आहे. शाळेत शिकवणारा मराठी पंतोजी किंवा शिकणारी मुलगी तिथे दिसते ती मिशनऱ्याच्या लेखणीतून. दप्तर नेहमी ते ठेवणाऱ्याच्या बाजूने बोलतं, आणि संशोधकाने ते तसंच वाचायला हवं. यावरचा खरा उपाय म्हणजे दुसऱ्या बाजूचं दप्तरही जपणं. सत्यशोधक मंडळींच्या सभा, गिरणी कामगारांच्या चाळसमित्या, महिला मंडळं, वसतिगृहं, सहकारी पतपेढ्या यांचे कागद जपले नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाला फक्त साहेबाची बाजू वाचायला मिळेल.

एकाचे कागद दुसऱ्याच्या पेटीत

खासगी कागदपत्रांची खरी गंमत ही की पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते मिळणाऱ्याकडे राहतं. त्यामुळे माणसाचा शोध अनेकदा त्याच्या परिचितांच्या संग्रहात घ्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांचे कागद आहेत, त्यांत आंबेडकरांची पत्रं आहेत. १९१७ मध्ये भारतात परतताना जहाज पाणतीराने बुडालं, मूळ प्रबंधाचं हस्तलिखित गेलं आणि आपण नवा प्रबंध लिहून काढला, ही माहिती त्यांनी १९२२ मध्ये सेलिग्मन यांना कळवली. बाबासाहेबांच्या स्वतःच्या पेट्यांची वाताहत झाली, पण गुरूच्या पेटीत हा धागा सुरक्षित राहिला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे कागद आहेत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती आंबेडकरांनी डू बॉइस यांच्याकडे मागितल्या आणि ३१ जुलैला डू बॉइस यांनी उत्तर दिलं. दोन खंडांतल्या दोन मुक्तिलढ्यांना जोडणारा हा दुवा दोन पत्रांवर उभा आहे, आणि ती दोन्ही पत्रं आज कुणीही संगणकावर पाहू शकतो. डू बॉइस मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मले आणि १९६३ मध्ये घानात वारले. त्यांच्या जन्मराज्याच्या सरकारी विद्यापीठाने १९७३ मध्ये त्यांच्या पत्नीकडून हे कागद मिळवले आणि पुढे ग्रंथालयालाच त्यांचं नाव दिलं. आपल्या मातीतल्या माणसाचे कागद ही आपली जबाबदारी आहे, असं राज्याच्या विद्यापीठाने मानलं. हा धडा आपल्या विद्यापीठांनी घ्यावा असा आहे.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची कथा गणिताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. गणितज्ञ वॉटसन १९६५ मध्ये वारले. जाळून टाकण्याच्या बेतात असलेले त्यांचे कागद सहकाऱ्यांनी वाचवले आणि १९६८ मध्ये त्यांतले रामानुजन यांचे कागद कॉलेजच्या ग्रंथालयात पोहोचले. १९७६ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना त्यांत रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातलं काम सापडलं. आज ते ‘हरवलेली वही’ म्हणून प्रसिद्ध आहे. कागद निवडणाऱ्याला सगळंच कळतं असं नाही. म्हणून आधी सांभाळावं आणि निवड सावकाश, जाणकाराच्या हाताने करावी.

आपल्याकडची परंपरा आणि तिची मर्यादा

महाराष्ट्रात कागद जपण्याची परंपरा कमी दर्जाची नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रुमालांमधून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमधून, निवडून गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ खंड प्रसिद्ध केले. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, घराघरांतली दप्तरं त्यांनी उजेडात आणली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं. पण ही परंपरा मुख्यतः शिवकाल आणि पेशवाईत रमली, आणि ती मंडळांनी उभी केली, विद्यापीठांनी नव्हे. विसाव्या शतकातल्या माणसांचे आणि संस्थांचे कागद म्हणजे इतिहास, ही जाणीव आपल्याकडे उशिरा आली आणि अजून पुरती रुजलेली नाही.

तरी विद्यापीठांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आंबेडकरांचे चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी जमवलेला संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि दलित चळवळीचे देशी-परदेशी अभ्यासक त्याचा आधार घेत आले आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या शाहू संशोधन केंद्राने विलास संगवे आणि बी. डी. खणे यांच्या संपादनात राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड काढले. त्याच विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह आहे. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवर काम करणाऱ्याला त्यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

ही सगळी उदाहरणं एखाद्या व्यक्तीच्या तळमळीतून झाली आहेत. कुणी कुलगुरू उत्साही निघाले, कुणी ग्रंथपालाने पुढाकार घेतला, कुणी कुटुंबाने विश्वास टाकला. प्रशिक्षित अभिलेखपाल असलेला, संग्रह मागून आणणारा, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतःचं पान असलेला स्वतंत्र विभाग ही मात्र आपल्या विद्यापीठांतली रूढ गोष्ट नाही. त्याचे परिणाम समोर आहेत. बॅरिस्टर मु. रा. जयकर हे १९४९ मध्ये सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, पण त्यांचे खासगी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गोपाळ कृष्ण गोखले यांचेही तिथेच आहेत. कामगार नेते ना. म. जोशी यांचे कागद आणि भारत सेवक समाजाचं दप्तर दिल्लीतच, तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. दिल्लीच्या या संस्थांनी ते कागद वाचवले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला ना. म. जोशींवर प्रबंध लिहायचा तर दिल्लीत महिनोन्महिने राहणं परवडायला हवं.

आता हा प्रवास आणखी लांबतो आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ‘बॉम्बे पोएट्स अर्काइव्ह’ उभं आहे. १९६० नंतरच्या मुंबईतल्या कवितेचे कागद त्यात जमा होतात. अरुण कोलटकरांच्या अभ्यासक अंजली नेर्लेकर आणि कॉर्नेलच्या ब्रॉनवेन ब्लेडसो यांचा त्यात मोठा वाटा आहे. लघुनियतकालिकांच्या काळातल्या मुंबईचे कागद न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावी सुरक्षित राहावेत, यात वाईट काही नाही. ते तिथे गेले नसते तर बरेचसे रद्दीत गेले असते. राग आलाच तर तो इथे मागणारं कुणी नव्हतं याचा यावा.

कायदा, खासगीपणा आणि पडद्यावरचे कागद

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३चा आणि महाराष्ट्राचा २००५चा. दोन्ही मुळात सरकारी कारभाराच्या नोंदींसाठी आहेत. घरातली पत्रं, लेखकाची हस्तलिखितं, खासगी मंडळाची इतिवृत्तं यांना या कायद्यांचं छत्र नाही. तिथे फक्त समजूत आणि विश्वास चालतो. कॉपीराइट कायद्यात मात्र अभ्यासकाला एक दार आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहात ठेवलेल्या अप्रकाशित साहित्याची, लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावर, अभ्यासासाठी किंवा प्रकाशनासाठी प्रत काढता येते.

कुटुंबं कागद द्यायला कचरतात, याला आळस हे एकच कारण नाही. पत्रांत आजारपणं असतात, भांडणं असतात, कर्जं असतात, आज हयात असलेल्या माणसांची नावं असतात. ही भीती रास्त आहे. चांगलं अभिलेखागार तिची दखल घेतं. ठरावीक पेट्या ठरावीक वर्षांपर्यंत बंद राहतात, विद्यार्थ्यांच्या आणि रुग्णांच्या नोंदी दीर्घकाळ उघडल्या जात नाहीत. ‘देऊन टाकलं की सगळं चव्हाट्यावर येणार’ हा समज विद्यापीठांनी स्पष्ट नियम छापून दूर करायला हवा.

नवा प्रश्न संगणकाचा आहे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी यांचे कागद घेतले, तेव्हा त्यांचे जुने ॲपल संगणकही घेतले. २०१० मध्ये संग्रह खुला झाला, तेव्हा त्यांतल्या एका संगणकाचा पडदा जसाच्या तसा आजच्या यंत्रावर उभा करून वाचकांना दिला होता. आपल्या आजच्या लेखकांचा, कार्यकर्त्यांचा, संस्थांचा बहुतेक व्यवहार ईमेल आणि व्हॉट्सॲपवर आहे. शंभर वर्षांपूर्वीचा कागद निदान माळ्यावर पडून राहायचा. मोबाइल बदलला की आजचा पत्रव्यवहार एका दिवसात नाहीसा होतो.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. स्कॅन केलं म्हणजे जतन झालं, असं नाही. स्कॅन ही वाचकाची सोय आहे. तिलाही सूची लागते, प्रती लागतात, दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर न्यावं लागतं. स्कॅन करून मूळ कागद टाकून देणं हा तर अपराधच.

काय करायला हवं

महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयांना ज्ञानस्रोत केंद्र म्हटलं आहे. त्या प्रत्येक केंद्रात एक अभिलेख विभाग असावा. त्यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही. एक कोरडी, हवेशीर, कुलपाची खोली, एक प्रशिक्षित अभिलेखपाल, एक छापील धोरण आणि एक खुली सूची एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक विद्यापीठाने आपापला प्रदेश वाटून घ्यावा. कोल्हापूरने सहकार आणि कुस्ती, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरने हैदराबाद मुक्तिलढा आणि नामांतर, नागपूरने विदर्भातली आंबेडकरी चळवळ, मुंबईने गिरण्या आणि रंगभूमी, सोलापूरने यंत्रमाग, गोव्याने मुक्तिसंग्राम आणि भाषावाद. कुणी कुणाशी स्पर्धा करू नये, सूच्या मात्र एकमेकांना द्याव्यात. इतिहास आणि मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना सूचीचं काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून द्यावं. त्यातून माणसंही तयार होतील.

शंभरी गाठलेल्या संस्थांनी स्मरणिका जरूर काढावी, पण तिच्या खर्चातला काही वाटा जुनी इतिवृत्तं आणि हजेरीपट नीट ठेवण्यासाठी बाजूला काढावा. आणि ज्यांच्या घरी वडिलांची, आजीची, काकांची पत्रं, डायऱ्या, हिशेबाच्या वह्या आहेत, त्यांना एवढीच विनंती: फाडू नका, निवडू नका, लॅमिनेट करू नका, गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका. घर रिकामं करायची वेळ येण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला एक पत्र लिहा, काय आहे ते सांगा आणि उत्तर मागा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. मागणी वाढली तरच विद्यापीठांना हे आपलं काम वाटेल.